कागद खालून वाचणारे दादा

संकष्टीला किल्ल्यातल्या गणपतीला जाऊन येऊ, ही सूचना माझी. पूर्ण ओहोटी सकाळी दहा वीसला आहे, ही माहितीही माझीच. कागदावर तसं छापलं होतं आणि तो कागद माझ्या दुकानात, माझ्या प्रिंटरवर, माझ्या हातांनी निघाला होता. त्यामुळे बरोबर दहा वीसला मी, माझे साडू विलासराव आणि मेहुणी शीतल चपला हातात घेऊन अलिबागच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या, ओहोटीतच पायी गाठता येणाऱ्या किल्ल्याकडे निघालो. बायको घरी थांबली. तिला साबुदाणा भिजवायचा होता.

समोरून लोकांची रांग परत येत होती. सगळे परत येतायत आणि जाणारे आपण तिघंच, यात काही खटकावं एवढी अक्कल तिघांत मिळून नव्हती. विलासराव म्हणाले, "बरं झालं, गर्दी ओसरली."

दर्शन झालं, तटावर फोटो झाले, आणि पावणेबाराला दरवाज्यात येऊन बघतो तर वाट गेलेली. आलो तेव्हा घोट्याएवढं असलेलं पाणी आता कमरेच्या वर होतं आणि चढत होतं. शेवटी एका बोटवाल्याने आम्हाला उचललं. साठीचा कोळी. त्याने इंजिन सुरू करता करता विचारलं, "चतुर्थीला इतक्या उशिरा कोण उतरतं वो? पाऊणपट करा ना. चारची पाऊणपट तीन. तीनला भरती. म्हंजे ओहोटी नवाला येऊन गेली."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आणि आज चतुर्थी आहे हे मेहुणी सकाळपासून उपाशी असल्यामुळे आम्हाला दर दहा मिनिटांनी कळत होतं.

"कागदात दहा वीस दिलंय," मी म्हणालो.

"कोनचा कागद? म्हात्रेदादाचा?" बोटवाला थांबला. "मंग बरोबर असंल," म्हणाला, आणि समुद्राकडे अशा नजरेनं बघायला लागला की जणू समुद्रच चुकला असावा.

त्या बोटीत मला दादांची आठवण झाली असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं आहे. मला दादांची भीती वाटली.

दादा आता नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. ते असते तर त्यांनी हा लेख शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतला असता.

पुंडलिक म्हात्रे मूळचे पेणकडच्या मिठागरवाल्या घरातले. मुंबईत एका संशोधन संस्थेत तीस वर्षं शास्त्रज्ञांचे लेख छापण्यासाठी बसवून द्यायचं काम केलं, आणि निवृत्त होऊन थळच्या वाटेवर घर बांधून राहिले. उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. चेहऱ्यावर कायम असा भाव की कुणीतरी आत्ताच त्यांच्यासमोर चुकीचं काहीतरी ठेवलंय. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

माझं दुकान एसटी स्टँडसमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी. पहिल्यांदा ते आले तेव्हा मी एक लग्नपत्रिका काढत होतो. त्यांनी न विचारता ती उचलली आणि खालच्या टोकापासून वर वाचत गेले.

"निमंत्रकाच्या नावावर कार्यालयाचा पत्ता चढलाय."

"चालतंय हो काका," मी म्हणालो. "वाचता येतं."

"कुणाला चालतंय?"

दादांनी पत्रिका खाली ठेवली. "कागद खालून वाचायचा. वरून वाचणारा माणूस दुसऱ्या ओळीपर्यंत खूश झालेला असतो. मग त्याला चूक दिसत न्हाय."

मुंबईत तीस वर्षं काढून त्यांचं मराठी पुस्तकी झालं होतं. पण तिरस्कार दाटून आला की मिठागर वर यायचं आणि 'नाही'चं 'न्हाय' व्हायचं. माझ्याशी बोलताना ते जवळजवळ सगळा वेळ मिठागरातच असायचे.

त्यांना माझा प्रिंटर हवा होता. दर महिन्याला ते भरती-ओहोटीचा एक तक्ता करायचे, एक पानी. साठ प्रती काढायच्या आणि मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत जेट्टीवर, हॉटेलांत, शाळांत, लॉजच्या गल्ल्यामागे नेऊन चिकटवायच्या. पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या कोळ्यांना कागदाची गरज नव्हती. पण शनिवारी-रविवारी येणारी माणसं पाऊणपटीला हसत आणि कागदावर विश्वास ठेवत. तक्त्यात फक्त तारखा आणि वेळा. महिन्याचं नाव दादा प्रत्येक प्रतीवर वरती पेनाने स्वतः लिहायचे, साठच्या साठ वेळा. खाली छापलेलं असायचं: पुं. ध. म्हात्रे. बारा वर्षांत त्या नावाच्या वरची एक वेळ चुकली नव्हती.

हा तक्ता ते ज्या सॉफ्टवेअरवर करायचे ते आपल्या नेहमीच्या टायपिंगसारखं नाही. त्यात समोर पान दिसत नाही. पान कसं हवं याच्या सूचना लिहायच्या, आणि मग यंत्राला सांगायचं की आता बांध. दादा त्याला बांधणीच म्हणायचे. सूचना बरोबर असल्या की असं देखणं पान निघतं की आपण लिहिलंय असं वाटत नाही. पण एक कंस उघडा राहिला की यंत्र अडतं आणि विचारतं, इथे चुकलंय, काय करू?

मला त्यांनी ते शिकवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी यंत्र अडलं. मी एंटर दाबलं. पुन्हा अडलं, पुन्हा दाबलं. अकरा वेळा दाबल्यावर पान निघालं. मी ते अभिमानाने त्यांना दाखवलं. "निघालं ना!"

दादांनी ते खालून वर वाचलं. तीन रकाने एकावर एक चढले होते.

"यंत्रानं तुला अकरा वेळा हात जोडून सांगितलं," ते म्हणाले. "आणि तू अकरा वेळा त्याच्या तोंडावर हात ठेवलास. तुझ्यापेक्षा ते यंत्र जास्त शिकलेलं हाय रं."

त्या दिवसापासून मी एंटरवाला. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी एंटरवाला. माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा.

त्यांच्या मते चूक झाल्यावर यंत्राने काय करावं, हा जगातला एकच महत्त्वाचा प्रश्न होता; बाकीचे प्रश्न लोकांनी वेळ घालवायला काढलेत. चूक गिळून अर्धंमुर्धं पान देणारं यंत्र त्यांना अजिबात खपत नसे. "अर्धं निघालेलं पान म्हणजे बुडणारा माणूस. हात हलवतो, म्हणून लोक म्हणतात पोहतोय." संस्थेत एका मदतनिसाने असंच एंटर दाबत दाबत एका वृद्ध शास्त्रज्ञाचा लेख काढला होता आणि त्यात एका सूत्रातलं वजाबाकीचं चिन्ह गेलं. लेख छापून आला, देशोदेशी गेला. शास्त्रज्ञ भांडले नाहीत. रोज दादांच्या टेबलासमोर यायचे, त्या पानावर बोट ठेवायचे आणि निघून जायचे. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," दादा म्हणायचे.

पण त्यांचा खरा राग होता तो चूक झाल्यावर गुपचूप कालचं जुनं पान पुढे करणाऱ्या यंत्रावर. नवी बांधणी फसली, तरी कालची बांधणी तिथेच पडून असते. उघडून बघणाऱ्याला वाटतं हेच नवं. म्हणून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर एक ओळ लिहून ठेवली होती: बांधणीला बसण्याआधी जुनं पान फेकून दे. फसलं तर हातात काहीच राहता कामा नये.

"काहीच नाही म्हणजे?" मी विचारलं होतं.

"माझा बाप मिठागरात उघाडीवर बसायचा. उघाडी म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायचं दार. बांधाला बोटाएवढं भोक असलं तरी दार उघडत न्हवता. आई म्हणायची, थोडं तरी घ्या, उधाण वाया जातंय. तो म्हणायचा, थोडं पाणी घेतलं तर थोडं मीठ न्हाय होत, सगळा चिखल होतो."

आता विलासराव. माझे साडू नव्या मुंबईत एका कंपनीत आहेत. तिथे ते सॉफ्टवेअर लोकांना आवडेल असं करतात. नक्की काय करतात हे मला दोनदा सांगितलंय, पण दोन्ही वेळा मी जेवत होतो. हुशार माणूस. चुकतो तेव्हाही इंग्रजीत चुकतो, त्यामुळे घरात कुणी बोलत नाही. एका सुट्टीत ते दुकानात बसले होते आणि दादा महिन्याची बांधणी करत होते. ती एका कंसावर फसली. समोरचा पडदा कोरा.

"काका, हे बरोबर नाही," विलासराव म्हणाले. "युजरला कोरा पडदा नाही दाखवायचा. घाबरतो तो. शेवटचं चांगलं पान दाखवायचं आणि कोपऱ्यात एक खूण करायची."

"कसली खूण?"

"लाल ठिपका. लहानसा."

"लहान का?"

"डोळ्यांवर येऊ नये म्हणून."

दादांनी चष्मा काढला. "म्हंजे चूक झालीय हे सांगायचं, पण दिसणार न्हाय असं सांगायचं."

"तसं नाही. ज्याचं लक्ष आहे त्याला दिसतं. काका, कोऱ्या पानाचा उपयोग काय? जुनं तरी हातात असतं."

"जुनी औषधाची चिठ्ठी नव्या आजाराला देता का हो तुम्ही?"

"तो मुद्दा वेगळा."

"वेगळा कसा? कोरं पान बघून माणूस विचारतो, काय झालं. भरलेलं पान बघून कोण विचारतं?" आणि माझ्याकडे बोट करून, "हा विचारतो?"

विलासराव माझ्याकडे बघून हसले. दादा हसले नाहीत. मी दोघांनाही चहा दिला, कारण अशा वेळी काय करायचं याचं माझं शिक्षण तेवढंच झालंय.

दादा गेल्यावर विलासरावांनी माझ्या कॉम्प्युटरवरची ती ओळ काढून टाकली. आता फसलं तर जुनं पान राहील आणि लाल ठिपका येईल. "तुमच्या सोयीसाठी," म्हणाले. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कोऱ्या पडद्यासमोर बसून स्वतःची चूक शोधायचा मला मनापासून कंटाळा होता. आणि पुढच्याच महिन्यात दादांची बांधणी पहिल्या फटक्यात निघाली, त्यामुळे त्यांना पत्ता लागला नाही.

मग दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, पडद्याकडे बघायचं नाही, धुळीत जायचं नाही. मार्चचा तक्ता माझ्यावर आला. आकडे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते, मला फक्त ते भरून बांधणी करायची होती. मी भरले. बांधणी केली. पडद्यावर सुरेख तक्ता आला. कोपऱ्यात लाल ठिपका होता. मला वाटलं, प्रिंटरची शाई संपत आली.

साठ प्रती काढल्या. साठ वेळा पेनाने मार्च लिहिलं, दादांच्या अक्षरासारखं करायचा प्रयत्न करून. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"निघाला?"

"निघाला दादा. एकदम झकास."

"शेवटची ओळ वाचलीस?"

"हो दादा," मी म्हणालो.

वाचली नव्हती. वरच्या दोन ओळी वाचून मी खूश झालो होतो.

बोटीतून उतरल्यावर विलासराव शीतलला घेऊन घरी गेले. जाता जाता म्हणाले की सिस्टिम ठीक होती, युजरचं लक्ष नव्हतं. मी दुकानात गेलो, एक प्रत घेतली आणि थळला दादांकडे गेलो. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते, काळा चष्मा लावून. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. कागद डोळ्यांजवळ नेऊन, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी खालची ओळ बघितली.

"मार्चला अठ्ठावीस दिवस कवापासून?"

मी बघितलं. तक्ता अठ्ठावीस तारखेला संपत होता. फेब्रुवारीचा जुना तक्ता. त्याच्या डोक्यावर मी साठ वेळा मार्च लिहिलं होतं. साठ भिंतींवर तो दहा दिवस लटकत होता, आणि मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत एकाही माणसाला महिन्याचे तीन दिवस गेल्याचं कळलं नव्हतं. आमच्या तालुक्यात साक्षरता नाही असं कुणी म्हणू नये. कागद सगळ्यांनी वाचला होता. वरून.

दादा ओरडले नाहीत. "ती ओळ कुणी काढली?" एवढंच विचारलं.

"विलासरावांनी. पण मी काढू दिली."

"खाली नाव कुणाचं हाय?"

मी कागदाच्या तळाशी बघितलं: पुं. ध. म्हात्रे.

"स्कूटर आण उद्या सकाळी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी नको सांगितलंय, असं मी म्हणून बघितलं. "डॉक्टरला खालून वाचता येतं का?" ते म्हणाले. त्यांच्या मानाने हा विनोद होता.

सोमवारी सकाळी मांडव्यापासून सुरुवात केली. काळ्या चष्म्यावरून उपरणं बांधून दादा मागे बसलेले. प्रत्येक ठिकाणी स्वतः उतरायचे, कागदाच्या कडेला ओला हात फिरवायचे, चारी कोपरे सुटले की कागद अख्खा काढून घ्यायचे. फाडायचे नाहीत. जेट्टीवरचा टपरीवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना दादा, पेनानं एक तास कमी करून देतो. चालतंय."

"तुला चालतंय. जो बुडंल त्याला विचार."

चोंढीच्या हॉटेलवाल्याला बरोबर असलेला नवा कागद हवा होता. मीही म्हणालो, दादा, रात्री नवीन काढतो, उद्या लावू.

"परवा लाव. उद्या भिंत कोरी दिसू दे."

"लोकांची गैरसोय होईल."

"व्हायलाच पायजे. न्हायतर कळणार कसं काही चुकलं होतं?"

शाळेत पोचलो तेव्हा ती सुटून गेली होती. ओट्यावरच्या फळ्यावरून कागद काढला आणि पुढे निघालो. रेवदंड्याचा शेवटचा कागद काढून परत थळला येईपर्यंत सूर्य टेकला होता. ओसरीवर बसून दादांनी मांडीवर गठ्ठा घेतला आणि मोजला. मग पुन्हा मोजला.

"एकोणसाठ."

"पडला असेल कुठे," मी म्हणालो.

"पडलेला कागद कुणीतरी उचलतो, एंटरवाल्या."

मंगळवारी सकाळी सातला माझा फोन वाजला. शाळेच्या बाई. "भाऊ, म्हात्रेदादांचा कागद फळ्यावर नाही. मी चाळीस मुलं घेऊन आज किल्ल्यात उतरणार आहे. काल मी पावणेबारा ओहोटी वाचली होती. ती बरोबर आहे ना? कागद दिसला नाही म्हणून विचारतेय."

षष्ठीची पाऊणपट करून मी त्यांना साडेदहा सांगितलं. परत यायची वेळही सांगितली. पुन्हा सांगितली. मग तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, मी शिक्षिका आहे, मला एकदा सांगितलेलं कळतं."

फोन ठेवल्यावर मी तडक थळला गेलो. दादा कालच्याच खुर्चीत, त्याच काळ्या चष्म्यात, समोर एकोणसाठ कागदांचा गठ्ठा. त्यांची लेक ठाण्याहून आली होती आणि आत पिशव्या भरत होती. दादांचा डोळा लाल झाला होता, ती त्यांना घेऊन जाणार होती. मी बाईंचा फोन सांगितला. चाळीस मुलं सांगितली. मला वाटलं ते म्हणतील, बघ, कोऱ्या भिंतीनं काम केलं. तेवढं म्हणायचा त्यांचा हक्क होता, आणि विलासरावांना सांगायला मलाही ते हवं होतं.

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा दोन्ही तळहातांनी सारख्या केल्या.

"साठावा मिळाला?" त्यांनी विचारलं.

ते परत थळला आले नाहीत. दिवाळीच्या सुमारास ठाण्याहून निरोप आला. माझ्याकडे राहिलंय ते हेच: काळा चष्मा, नीट रचलेला गठ्ठा, आणि तो प्रश्न.

त्या मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आलो. पाणी घ्यायला फ्रीजकडे गेलो आणि दारावर चुंबकाखाली साठावा कागद. महिना सुरू व्हायच्या आदल्या रात्री मीच आणून लावला होता. वर माझ्या अक्षरात मार्च, खाली अठ्ठावीस.

"हा इथे आहे," मी बायकोला म्हणालो. "आणि तुला इतक्या दिवसांत एकदाही दिसलं नाही?"

ती पोळी लाटत होती. मान वर केली नाही.

"लावलात त्याच रात्री सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, अहो, यात तीन दिवस कमी आहेत. तुम्ही 'हं' म्हणालात आणि झोपलात."